उत्तर कोण देणार? सोल सॅक्सोफोनवादकांच्या एकल वाटचालीचा आढावा

१९७९ साली ज्युनियर वॉकर यांनी ऑल स्टार्स हा आपला बँड मोडला आणि नॉर्मन व्हिटफील्ड यांच्या व्हिटफील्ड रेकॉर्ड्सशी एकट्याच्या नावाने करार केला. कागदावर ही जोडी भक्कम होती. व्हिटफील्ड यांनी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत असताना टेम्प्टेशन्सकडून ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ करवून घेतलं होतं आणि मोटाउन सोडल्यावर रोझ रॉइसचं ‘कार वॉश’ गाजवलं होतं. सोल संगीत नाचाच्या ठेक्यावर कसं बसवायचं, हे त्यांच्याइतकं जाणणारे निर्माते थोडे होते. वॉकर यांचा टेनर सॅक्सोफोन तर दोन सुरांत ओळखू यायचा. त्याच वर्षी ‘बॅक स्ट्रीट बूगी’ हा एलपी निघाला आणि फारसा कुणाच्या कानावर न पडता मागे पडला. ऑल स्टार्सच्या साथीने जे यश मिळालं होतं, ते वॉकर यांना एकट्याच्या नावावर पुन्हा मिळालं नाही.

याची नेहमी दिली जाणारी कारणं अशी: डिस्कोची लाट आली, लोकांची आवड बदलली, वॉकर यांचं वय झालं. मला ही कारणं अपुरी वाटतात. अवघ्या दोन वर्षांनी ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांचा सॅक्सोफोन अमेरिकेच्या घराघरांत वाजत होता. १९९० मध्ये मेसिओ पार्कर यांनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या नावाने नवी सुरुवात केली आणि ती टिकली. त्याआधी किंग कर्टिस यांनी बँडप्रमुख आणि एकल कलाकार या दोन्ही भूमिका एकाच वेळी वर्षानुवर्षं निभावल्या होत्या. वाद्य तेच, परंपरा तीच, मग निकाल इतके वेगळे का लागले?

आधी या वादनाचा पोत पाहू. सोल सॅक्सोफोन हा कृष्णवर्णीय चर्चमधल्या प्रवचनाचा वारस आहे. उपदेशक एक ओळ टाकतो, मंडळी ती उचलून धरतात आणि त्या प्रतिसादावर तो पुढची ओळ आणखी चढवतो. वादक फुंक मारतानाच घशातून हुंकार काढतो, त्यामुळे सूर खरखरीत होतो. तो एकच सूर ठेक्यावर पुन्हा पुन्हा आपटतो. मग वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्यापलीकडे जाऊन किंचाळतो. यातलं काहीही एकट्याने ऐकलं तर अर्धवट वाटतं, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे कुणाला तरी मारलेली हाक आहे. शाहिराच्या मागे झीलकरी नसतील तर पोवाडा कितीही चांगल्या गळ्यातून आला तरी उभा राहत नाही, तसंच इथे होतं. गिटारची झटक्याने वाजलेली तार, ऑर्गनची लांब लहर, ड्रमवरचा दुसरा आणि चौथा ठोका ही सगळी उत्तरं आहेत. वादक बँड सोडतो, तेव्हा ही उत्तरं देणारी माणसं मागे राहतात. त्यांच्या जागी कोण येतं, यावर पुढचं बरंचसं ठरतं, असं माझं मत आहे.

ही परंपरा सोलच्या आधीपासूनची. १९४२ साली लायनेल हॅम्प्टन यांच्या ‘फ्लाइंग होम’मध्ये इलिनॉय जॅकेट यांनी टेनरवर जो तुकडा वाजवला, त्यानंतर पुढची पंधरा वर्षं टेक्ससमधले आणि टेक्ससबाहेरचे कितीतरी टेनरवादक तो वारसा चालवत राहिले. युद्धानंतर मोठे बँड परवडेनासे झाले, पाच-सहा जणांचे ताफे आले आणि लुई जॉर्डन यांच्यासारखे सॅक्सोफोनवादक पुढे उभे राहून गाऊ-वाजवू लागले. पुढे पुढची जागा गायकाने आणि इलेक्ट्रिक गिटारने घेतली. १९६० च्या सुमाराला सॅक्सोफोनच्या वाट्याला गाण्याच्या मध्यातल्या आठ किंवा सोळा मात्रावर्तनांची खिडकी उरली होती. वादकापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे स्टुडिओत तासावर पैसे घेऊन त्या खिडकीत वाजवायचं, दुसरी म्हणजे क्लबात स्वतःचा बँड चालवायचा.

किंग कर्टिस यांनी दोन्ही वाटा धरल्या. मूळ नाव कर्टिस आउस्ली, जन्म १९३४, गाव टेक्ससमधलं फोर्ट वर्थ. न्यूयॉर्कला येऊन ते स्टुडिओतले सर्वाधिक मागणी असलेले टेनरवादक झाले. कोस्टर्सच्या ‘याकेटी याक’मधली ती तोतरी, हसरी फुंक त्यांची. १९६२ मध्ये ‘सोल ट्विस्ट’ हे शब्द नसलेलं गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तबकडीवर श्रेय होतं ‘किंग कर्टिस अँड द नोबल नाइट्स’ला. १९६४ मध्ये ‘सोल सेरेनेड’ आलं. पुढच्या वर्षी शे स्टेडियमवर बीटल्सच्या आधी रंगमंचावर आलेल्यांत त्यांचा बँड होता. मग ते अटलांटिक या कंपनीकडे आले आणि नोबल नाइट्सच्या जागी किंगपिन्स उभे राहिले.

अटलांटिकमध्ये कर्टिस यांनी जे केलं, ते या प्रश्नाचं सगळ्यात पूर्ण उत्तर आहे असं मला वाटतं. कंपनीचा स्टुडिओ हाच त्यांनी आपला बँड केला. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांचं ‘रिस्पेक्ट’ ध्वनिमुद्रित होत होतं. मूळ गाण्यात चाल बदलणारा मधला भागच नव्हता. तिथे कर्टिस यांच्या वादनासाठी दुसऱ्याच एका गाण्याची स्वरसंगती आणून बसवली गेली. अनोळखी स्वरांवर अचानक सॅक्सोफोन उघडतो आणि गाणं पुन्हा घरी येतं, तेव्हा अरीथा दुप्पट जोराने परततात. साथीदार म्हणून गाण्याची रचनाच बदलून टाकणारा हा माणूस त्याच वर्षी मेम्फिसला जाऊन स्वतःच्या नावावर ‘मेम्फिस सोल स्ट्यू’ करतो. त्या गाण्यात तो काय करतो हे लक्ष देऊन ऐकावं. कालवणाची कृती सांगावी तसा तो एकेक वाद्य बोलावून भांड्यात घालतो: आधी बास, मग ड्रम, मग गिटार, ऑर्गन, ब्रास. स्वतःचा सॅक्सोफोन सगळ्यांत शेवटी येतो. एकल तबकडीचा पहिला भाग साथीदारांची ओळख करून देण्यात जातो आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती तबकडी पूर्णपणे त्यांची वाटते.

१९७१ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये तीन रात्री त्यांनी अरीथांना साथ केली आणि त्यांच्या आधी स्वतःचा कार्यक्रम केला. ड्रमवर बर्नार्ड पर्डी, बासवर जेरी जेमॉट, गिटारवर कॉर्नेल डुप्री, ऑर्गनवर बिली प्रेस्टन आणि बाजूला मेम्फिस हॉर्न्स. कर्टिस यांच्या वाट्याच्या कार्यक्रमातून ‘लाइव्ह अॅट फिलमोर वेस्ट’ निघालं. त्याची सुरुवात ‘मेम्फिस सोल स्ट्यू’नेच होते, फक्त आता प्रत्येक वादक नावानिशी हाक ऐकून आत येतो. पर्डी यांची पाळी येते आणि ते नुसत्या ड्रमवर सभागृह उचलून धरतात, तो भाग मी कितीही वेळा ऐकू शकतो. जॉन लेननच्या ‘इमॅजिन’ एलपीवर त्याच उन्हाळ्यात कर्टिस वाजवून आले होते. १३ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पश्चिम ८६ व्या रस्त्यावरच्या त्यांच्या इमारतीबाहेर झालेल्या भांडणात त्यांना भोसकण्यात आलं. वय होतं सदतीस. त्यांच्या एकल वाटचालीचा दुसरा अंक कसा झाला असता याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता पुन्हा वॉकर यांच्याकडे. जन्म १९३१, आर्कन्सॉमधलं ब्लाइथव्हिल. मूळ नाव ऑट्री डीवॉल्ट मिक्सन, वाढले इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये, पण त्यांचं खरं संगीतघर मिशिगनमधलं बॅटल क्रीक. तिथल्या एल ग्रोटो या क्लबात त्यांचा बँड वाजवायचा: गिटारवर विली वुड्स, ऑर्गनवर व्हिक थॉमस, ड्रमवर जेम्स ग्रेव्ह्ज. चार माणसांचा हा ताफा नाचणाऱ्या कामगारवस्तीच्या पायांकडे बघून वाजवायला शिकला. जॉनी ब्रिस्टल यांनी त्यांची शिफारस हार्वी फुकुआ यांच्याकडे केली, फुकुआ यांची लेबलं मोटाउनमध्ये विलीन झाली आणि वॉकर मोटाउनच्या ‘सोल’ या उपलेबलावर आले. डेट्रॉइटच्या त्या काटेकोर कारखान्यात हा खडबडीत, क्लबच्या धुराचा वास येणारा बँड वेगळाच उठून दिसायचा.

१९६५ चं ‘शॉटगन’ हा त्याचा अस्सल नमुना. ठरलेला गायक आला नाही म्हणून वॉकर स्वतः गायले, ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे गाणं जवळजवळ सबंध एकाच स्वरसंगतीवर उभं आहे. चाल पुढे सरकवण्याचं काम स्वरांकडे नाहीच. सॅक्सोफोन ओरडतो, गिटार खरडते, ऑर्गन दाबून धरतो आणि वॉकर एक ओळ फेकून पुन्हा वाद्य तोंडाला लावतात. एक माणूस गातो आणि स्वतःच्याच गाण्याला वाद्यातून उत्तर देतो, मागचा ताफा त्या दोघांनाही उत्तर देतो. या ध्वनिमुद्रणात ऑल स्टार्सबरोबर मोटाउनचे ठेवणीतले स्टुडिओ वादकही होते, बासवर जेम्स जेमर्सन आणि ड्रमवर बेनी बेंजामिन. म्हणजे ‘ऑल स्टार्स’ हे नाव तेव्हाच दोन बँडांची बेरीज होती. रिदम अँड ब्लूजच्या यादीत हे गाणं पहिलं आणि पॉप यादीत चौथं आलं.

वॉकर यांचं एकल होणं १९७९ मध्ये नव्हे, त्याआधी दहा वर्षं सुरू झालं होतं, असं मी मानतो. १९६९ चं ‘व्हॉट डझ इट टेक’ ऐका. निर्मितीत तेच ब्रिस्टल आणि फुकुआ, पण मागे आता व्हायोलिनं आहेत, कोरस आहे, सगळं आधीच लिहून काढलेलं आहे. श्रेय ऑल स्टार्सचं आहे, आवाज मात्र एका माणसाचा आणि त्याच्याभोवती उभारलेल्या महालाचा. वॉकर यांना हे गाणं सुरुवातीला नको होतं. तरीही ते सुंदर झालं आणि तेही चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. कारण महालाच्या खाली अजून डेट्रॉइटचे तेच वादक होते, मोटाउनच्या त्याच स्टुडिओत. सुरुवातीलाच सॅक्सोफोन एकटा येऊन बोलतो, त्याच्या प्रत्येक श्वासाच्या जागी ड्रम आणि बास काहीतरी म्हणतात, मग गाणं सुरू होतं.

१९७२ मध्ये मोटाउनने मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. डेट्रॉइटचे बहुतेक स्टुडिओ वादक मागे राहिले. वॉकर यांच्या इतिहासात या घटनेला जितकं वजन द्यायला हवं तितकं दिलं जात नाही. तोवर त्यांच्या तबकड्यांवरून एल ग्रोटोचा बँड हळूहळू बाहेर पडला होता आणि आता दुसरा, स्टुडिओतला बँडही गेला. ‘सॅक्स अपील’ (१९७६) आणि ‘स्मूथ’ (१९७८) या एलपींत त्यांचं वादन जागोजागी उत्तम आहे, पण ते कशावर तरी ठेवलेलं वाटतं. सोळा किंवा चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर आधी ताल, मग बास, मग तंतुवाद्यं, असं सगळं तयार व्हायचं आणि शेवटी कुणीतरी कानाला हेडफोन लावून त्यावर सॅक्सोफोन वाजवायचा. तयार ट्रॅक तुमची हाक ऐकत नाही. तुम्ही किंचाळलात म्हणून तिथला ड्रमवाला हात जोरात टाकत नाही. १९७८ मध्ये ‘सोल’ लेबल बंद झालं आणि पुढच्या वर्षी वॉकर यांनी बँड मोडून व्हिटफील्ड यांचा हात धरला. तोपर्यंत मोडायला ऑल स्टार्सचं नावच काय ते शिल्लक होतं, निदान तबकड्यांपुरतं तरी.

पैशाची बाजूही सांगायला हवी, कारण संगीताच्या लेखांत ती हातचं राखून सांगितली जाते. क्लबातल्या बँडप्रमुखाला गाडी, हॉटेल, पोशाख आणि दर आठवड्याचे पगार असा सगळा खर्च सांभाळावा लागायचा. एका माणसाचा आजार सगळ्यांचा दौरा थांबवू शकत असे. एकट्याच्या नावावरचा करार हा या ओझ्यातून सुटकेचा मार्ग वाटला तर त्यात नवल नाही. कंपन्यांनाही ते सोयीचं होतं: एका सहीवर काम होतं आणि स्टुडिओ वादकांना सेशनप्रमाणे पैसे देऊन मोकळं होता येतं. मात्र तबकडी तयार करण्याचा खर्च कलाकाराच्या मानधनातून आधी वळता केला जातो, आणि व्हायोलिनांचा ताफा स्वस्त नसतो. बँड सोडल्याने वाचलेले पैसे स्टुडिओत खर्च व्हायचे आणि दौऱ्यावर जायचं तर पुन्हा माणसं जमवावी लागायचीच.

तर मग ग्रोव्हर वॉशिंग्टन यांना स्टुडिओतच घडवलेलं यश कसं मिळालं? त्यांची वाट उलट्या टोकाची होती. ते कुणाचे बँडप्रमुख म्हणून गाजलेले नव्हते. १९७१ मध्ये क्रीड टेलर यांच्या कुडू लेबलासाठी हँक क्रॉफर्ड यांचं सेशन ठरलं होतं. क्रॉफर्ड येऊ शकले नाहीत, वॉशिंग्टन यांच्या हाती आल्टो आला आणि त्यातून ‘इनर सिटी ब्लूज’ हा त्यांचा पहिला एलपी झाला. (क्रॉफर्ड स्वतः रे चार्ल्स यांचे संगीत-संचालक होते. त्यांच्या अटलांटिकवरच्या सुरुवातीच्या एकल तबकड्यांवर साथीला रे चार्ल्स यांच्याच बँडमधली माणसं होती. वेष्टनावरचं नाव बदललं, खोलीतली माणसं बदलली नाहीत.) पुढे १९८० मध्ये ‘वाइनलाइट’ आला आणि त्यातलं बिल विदर्स यांनी गायलेलं ‘जस्ट द टू ऑफ अस’ पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. गुळगुळीत म्हणून या एलपीला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो तसा वाटत नाही. ड्रमवर स्टीव्ह गॅड, कळांवर रिचर्ड टी, गिटारवर एरिक गेल: हे तिघं स्टफ नावाच्या न्यूयॉर्कमधल्या बँडमध्ये वर्षानुवर्षं एकत्र वाजवत होते. त्याच बँडमध्ये किंगपिन्सचे कॉर्नेल डुप्रीही होते. म्हणजे वॉशिंग्टन यांच्यासाठी स्टुडिओत आलेली माणसं एकमेकांचे श्वास ओळखत होती. आवाज हळू होता, पण उत्तरं मिळत होती.

या सगळ्या मांडणीला छेद देणारं एक उदाहरण खुद्द वॉकर यांचंच आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे. १९८१ मध्ये फॉरिनर या रॉक बँडच्या ‘अर्जंट’ गाण्यासाठी त्यांना बोलावण्यात आलं. ट्रॅक तयार होता, बरोबर ऑल स्टार्स नव्हते, निर्माता मट लँग हा काटेकोरपणासाठी प्रसिद्ध. वॉकर यांनी अनेकदा वाजवलं आणि त्या वेगवेगळ्या फेऱ्यांतले तुकडे जोडून अंतिम वादन तयार केलं गेलं. माझ्या मांडणीप्रमाणे हे निर्जीव व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात ते त्या दशकातलं सगळ्यात थरारक सॅक्सोफोनवादन ठरलं आणि गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. मी याचा अर्थ असा लावतो: त्या गाण्याचा ठेका ताणलेला आणि मोकळा आहे, त्यात स्वरांची गर्दी नाही, ‘शॉटगन’सारखाच तो एका जागी उभा राहून थरथरतो. वॉकर यांना त्यात आपलं जुनं अंगण सापडलं असावं. शिवाय जोडणी करणाऱ्याने एका तुकड्याला दुसऱ्या तुकड्याचं उत्तर म्हणून ठेवलं. माणसं नसतील तर निदान जागा हवी, एवढी दुरुस्ती मी माझ्या म्हणण्यात करतो. ‘अर्जंट’च्या बळावर १९८३ मध्ये मोटाउनने त्यांना परत घेतलं, ‘ब्लो द हाउस डाउन’ निघालं, मोटाउनच्या पंचविशीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी ‘शॉटगन’ वाजवलं. तबकड्यांनी पुन्हा साथ दिली नाही. दौऱ्यावरचे कार्यक्रम मात्र चालू राहिले, ऑल स्टार्स याच नावाने, आणि ड्रमवर त्यांचा मुलगा होता. १९९५ मध्ये बॅटल क्रीकमध्येच कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

मेसिओ पार्कर यांची गोष्ट सगळ्यांत लांबलेली. १९६४ मध्ये ते भाऊ मेल्विनबरोबर जेम्स ब्राउन यांच्याकडे आले. ब्राउन गाण्याच्या मध्येच त्यांचं नाव पुकारून त्यांना वाजवायला लावायचे. त्यामुळे साथीदार असूनही त्यांचं नाव लोकांच्या तोंडी झालं. १९७० मध्ये पगार आणि शिस्तीच्या वादातून जवळजवळ सगळा ताफा ब्राउन यांच्यापासून फुटला आणि मेसिओ ‘मेसिओ अँड ऑल द किंग्ज मेन’चे प्रमुख झाले. ‘डूइंग देअर ओन थिंग’ या एलपीत वादन तेच, ताकद तीच, पण मध्यभागी हाक मारणारा नाही. सगळेच उत्तर द्यायला बसलेले. तो बँड चालला नाही आणि १९७३ मध्ये मेसिओ परतले. १९७४ चं ‘अस’ त्यांच्या नावावर निघालं, पण निर्माते ब्राउनच होते. मग जॉर्ज क्लिंटन यांच्या ताफ्यात वर्षं गेली.

१९९० च्या ‘रूट्स रिव्हिजिटेड’ने जे साधलं ते १९७० मध्ये का साधलं नव्हतं, याचं उत्तर त्या तबकडीच्या बांधणीत आहे. हा एलपी मिनॉर म्युझिक या छोट्या जर्मन लेबलाने केला आणि अमेरिकेत तो व्हर्व्हकडून आला. मेसिओ यांच्या शेजारी ब्राउनकाळातलेच दोघे: ट्रॉम्बोनवर फ्रेड वेस्ली आणि टेनरवर ‘कोल्ड स्वेट’चे सहरचनाकार पी वी एलिस. ऑर्गनवर डॉन पुलन. बासगिटारचं काम ऑर्गननेच उचललं, म्हणजे चर्च आणि छोटा क्लब दोन्ही एकदम परत आले. नाचाचा मोठा ठेका बाजूला ठेवून त्यांनी मिंगस आणि रे चार्ल्स यांच्याकडे पाहिलं. आता हाक मारण्याची जबाबदारी मेसिओ यांनी स्वतः घेतली होती. त्यांचा आल्टो मुळातच तुटक, बोलण्यासारखा आहे. तो दोन शब्द टाकतो आणि थांबतो, थांबलेल्या जागी वेस्ली खालून काहीतरी म्हणतात.

दोन वर्षांनी कोलोनमध्ये प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालेलं ‘लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह’ त्याहून लोकप्रिय झालं. सुरुवातीचं गाणं सोळा मिनिटांहून लांब आहे आणि त्यात मेसिओ आपल्या साथीदारांना पुन्हा पुन्हा पुढे आणतात, तरुण डच सॅक्सोफोनवादक कँडी डल्फर यांनाही. वेष्टनावर नाव एकट्या मेसिओ यांचं. पुढे त्याच शहरातल्या डब्ल्यूडीआर बिग बँडबरोबर त्यांनी ‘रूट्स अँड ग्रूव्हज’ केलं. त्याचा पहिला भाग रे चार्ल्स यांच्या गाण्यांचा आहे आणि तिथे मेसिओ सॅक्सोफोन खाली ठेवून गातात. मागे भरगच्च ब्रास उभा असतो. एका कडव्यानंतर ते गाणं थांबवून आल्टो उचलतात आणि सबंध बँड त्या दोन-तीन सुरांची वाट बघत असल्याचं स्पष्ट ऐकू येतं.